मुंबईकर मालक आणि कोकणातील पडीक जमीन

मे महिन्याची सुटी संपवून कोकणातून परतलेली कुटुंबे बोरिवली, भांडुप, घाटकोपर, मुलुंड येथील आपापल्या घरी उतरतात तेव्हा त्यांच्या सामानात आंब्याची पेटी, कोकमाचे आगळ, कुळथाचे पीठ असे बरेच काही असते. घरातील कर्त्या माणसाच्या पिशवीत त्याखेरीज सातबाराचा एक ताजा उताराही बहुधा असतो. सुटीच्या पंधरा दिवसांत जमिनीचा विषय एकदा तरी निघालेला असतो. हापूसची कलमे लावावीत की काजूची, विहीर खणावी की नाही, थोरल्या काकांनी खाचरे का टाकून दिली, शेजारच्याने गडगा दोन हात पुढे सरकवला आहे काय, अशी चर्चा ओटीवर रात्री उशिरापर्यंत चालते आणि निर्णय गणपतीपर्यंत तहकूब होतो. गणपतीत पाऊस असतो, पाहुणे असतात. मग शिमग्याला पाहू असे ठरते. शिमग्याला रजा मिळत नाही. अशा रीतीने कित्येक घरांतील ही तहकुबी तीस-चाळीस वर्षे चालू राहिली आहे, आणि तेवढ्या काळात करवंदीच्या जाळ्यांनी व रानमोडीने आपल्यापुरता निर्णय घेऊन जमीन ताब्यात घेतली आहे.

हा एखाद्या कुटुंबाचा खाजगी प्रश्न आहे असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. सारा देश लोकसंख्यावाढीची चिंता करीत असताना या दोन जिल्ह्यांत माणसे कमी झाली. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलींविषयीच्या आस्थेपेक्षा पुरुष पोटासाठी बाहेर गेल्याचा हा पुरावा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र अवघे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर, भरले. कोकणात या सरासरीचेही तुकडे भाऊबंदांत विखुरलेले असतात. उपनगरातील शिक्षक, कारकून किंवा बँकेतील कर्मचारी ज्या दोन एकरांचा मालक म्हणवतो, त्यांपैकी काही गुंठे घरामागे, काही नदीकाठच्या खाचरात आणि उरलेले डोंगरावरच्या वरकस जमिनीत असतात. ही मालकी बहुधा एकट्याची नसते, ही गोष्ट तर निराळीच.

ही जमीन हातात कशी आली, याचा विसर मुंबईतील दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला पडत चालला आहे. खोती पद्धतीत कसणारा कसत असे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जात असे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. खोती प्रत्यक्षात संपवणारा कायदा १९४९ चा. त्याच्या आदल्या वर्षी कूळकायदा आला आणि त्यातील नंतरच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्या कुळाला मालकीचा हक्क मिळाला. तेव्हा आज ज्यांच्या नावावर दोन एकर आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी ती झगडून मिळवलेली आहेत; काहींच्या आजोबांनी ती मोठ्या जमिनीतून कशीबशी वाचवलेली आहेत. दोन्ही घरांतील मुले पुढे बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली, गिरणीत किंवा कचेरीत लागली आणि मनिऑर्डरी पाठवू लागली. गावची शेती त्या मनिऑर्डरीवर चालली. १९८२ चा गिरणीसंप लांबला तेव्हा हजारो कामगार गावी परतले आणि त्या कठीण महिन्यांत याच तुटपुंज्या भातशेतीने त्यांना धरून ठेवले. मालमत्ता म्हणून नव्हे, तर अडीअडचणीचा आसरा म्हणून जमीन राखायची, ही वृत्ती त्या अनुभवातून पक्की झाली. ती समजण्यासारखी आहे. पण आसरा म्हणून राखलेल्या वस्तूचीही निगा करावी लागते, एवढा विवेक त्या वृत्तीबरोबर आला नाही.

या जमिनीविषयीच्या सगळ्या चर्चा 'काय लावावे' या प्रश्नापासून सुरू होतात. तो खरे तर तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. १९९० साली राज्य शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली आणि कोकणातील वरकस डोंगर आंबा-काजूच्या कलमांनी भरून जाऊ लागले. योजना चांगली होती. कोकणाच्या अर्थव्यवस्थेत तिने घडवलेला पालट कोणी नाकारणार नाही. तथापि त्याच योजनेत एकाच वाडीत लागलेल्या दोन बागांची अवस्था आज पाहिली तर धडा मिळतो. जेथे घरात माणूस होता, पहिले तीन उन्हाळे कलमांना पाणी घातले गेले, दिवाळीनंतर गवत कापून जाळरेषा काढली गेली, तेथे बाग उभी राहिली. जेथे मालक मुंबईत आणि राखण शेजाऱ्याच्या भरवशावर होती, तेथे फाल्गुन-चैत्रातल्या एका वणव्यात सगळी कलमे गेली. दोन्ही मालकांनी कलमे एकाच रोपवाटिकेतून आणली असतील, खड्डेही एकाच मापाचे खणले असतील. फरक पडला तो गावात माणूस असण्याचा आणि नसण्याचा. तेव्हा पहिला प्रश्न जमीन नेमकी कोणाची हा, दुसरा तेथे कोण राहणार हा, तिसरा पाणी किती हा, आणि त्यानंतर पिकाचा.

पहिल्या प्रश्नाशीच बहुतेक घरे अडतात. सातबारावर आजोबांचे नाव तसेच असते, किंवा वारसनोंद झालेली असल्यास एका ओळीच्या जागी पंधरा-वीस नावांची रांग असते. त्यांतील दोघे बडोद्याला, एक परदेशात, एक नांदत नाही म्हणून माहेरी, आणि दोघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निकालात काढला. तरीही मे महिन्यातील ओटीवरच्या चर्चेत बहिणींना बोलावले जात नाही; त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सही तेवढी मागितली जाते. ही सही त्यांनी मुकाट्याने द्यावी अशी अपेक्षा करणारे भाऊ अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकेबाबत मात्र आपल्या मुलींचे नाव आधी लावतात, हा विरोधाभास नजरेत भरणारा आहे. बहिणीचा हक्क मान्य करून मग तिने तो सोडला तर तो तिचा निर्णय ठरतो. न विचारता गृहीत धरला तर तो पुढच्या दाव्याचा पाया ठरतो.

वाटणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे घोटाळा होतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल अशी वाटणी करण्यास मनाई आहे. हे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे असे कमी करण्यात आले. म्हणजे दोन एकर जिरायत जमिनीचे, ती एका ठिकाणी असली तरी, चारापेक्षा अधिक भाग पडू शकत नाहीत. पाच भावंडे असतील तर कायदाच त्यांना सांगतो की प्रत्येकाला वेगळा तुकडा मिळणार नाही. या स्थितीत कोणी खाचर घ्यावे, कोणी घर व परसू, आणि कोणी रोख रक्कम घेऊन बाजूला व्हावे, असा व्यवहारी तोडगाच शक्य असतो. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र आहे, आणि त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. पैशाची अडचण आता सबब म्हणून सांगता येणार नाही. संमती हीच काय ती खरी अडचण, आणि ती मिळवायची तर गावच्या सीमा ज्याला ठाऊक आहेत, कोणता बांध कोणाचा हे जो बोट दाखवून सांगू शकतो, असा ऐंशीच्या घरातील काका हयात असतानाच मिळवली पाहिजे. मोजणीचा नकाशा बांध दाखवतो. त्या बांधामागचा तोंडी व्यवहार तो दाखवत नाही.

समजा, हे सर्व पार पडले आणि घाटकोपरच्या एका शिक्षकाच्या वाट्याला ऐंशी गुंठे निर्वेध आले. घराभोवती दहा गुंठे, वीस गुंठे खाचर, पन्नास गुंठे वरकस. आता जमीन पाहायची ती मे महिन्यात, विहिरीत डोकावून. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि होळीनंतर बायकांना हंड्यासाठी टेकडी उतरावी लागते. जांभ्या दगडातून झिरपून आणि उतारावरून वाहून ते पाणी समुद्राला मिळते. विहिरीत मे महिन्यात हातभर पाणी असेल तर दहा गुंठ्यांत नारळ-सुपारी आणि त्यांच्या सावलीत जायफळ-मिरी जमेल. पाणी नसेल तर पहिला खर्च कलमांवर करू नये. वरकस उतारावर समतल चर, पाणी अडवणारे दगडी बांध आणि एखादे शेततळे यांवर करावा. दोन पावसाळ्यांत विहिरीची पातळी काय सांगते ते पाहावे. मुंबईकराला दोन वर्षे काहीच न लावता थांबणे जिवावर येते, कारण त्याला पुढच्या मे महिन्यात नातेवाइकांना दाखवायला हिरवे काही तरी हवे असते.

झाडांचा हिशेब सोपा आहे. हापूसची कलमे परंपरेने दहा-दहा मीटरवर लावतात, म्हणजे गुंठ्याला एक झाड. काजू सात-सात मीटरवर, म्हणजे गुंठ्याला दोन. पन्नास गुंठे वरकसात हापूसची पन्नास झाडे किंवा काजूची शंभर बसतात. कातळ आणि वाट वजा जाता त्याहून कमीच. हापूस हे नाव घेताच मालकाचे डोळे चमकतात, पण हे झाड आळशी मालकाचे नव्हे. त्याला धरायला सहा-सात वर्षे लागतात, एक वर्ष भरपूर आणि पुढच्या वर्षी कमी अशी त्याची मूळची चाल आहे, फळात साका होतो, तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी मोहराच्या दिवसांत वेळेवर फवारण्या कराव्या लागतात, आणि त्या वेळी मालक शाळेत परीक्षेच्या कामात अडकलेला असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, साका न होणारी 'रत्ना' ही संकरित जात १९८१ मध्ये दिली. पण बाजार हापूसच्या नावाला पैसे देतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्याने ते नाव अधिकच भारी झाले. पन्नास झाडांसाठी वर्षभराचा माणूस ठेवणे परवडत नाही, आणि माणूस न ठेवता वानरांपासून फळ वाचत नाही. रत्नागिरीच्या मोठ्या बागांतून नेपाळी राखणदार का दिसतात, याचे उत्तर यात आहे. मोठ्या बागेचे अर्थशास्त्र लहान बागेला लागू पडत नाही, हे एवढ्यासाठी आधीच ताडून पाहिले पाहिजे.

काजूला तुलनेने कमी निगा लागते. वेंगुर्ला येथील संशोधन केंद्राच्या 'वेंगुर्ला ४', 'वेंगुर्ला ७' या जाती तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागतात, बी वाळवून ठेवता येते, मालकाच्या सोयीने विकता येते. तेथे संकट भावाचे आहे. आपल्याकडील काजू कारखाने आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बियांवर मोठ्या प्रमाणात चालतात, त्यामुळे तिकडे पीक भरघोस आले की इकडच्या वाडीतील भाव पडतो. कोकम दुर्लक्ष सोसते, परंतु फळे पहिल्या पावसाच्या आत उतरवली नाहीत तर कुजतात. सिंधुदुर्गातील माणगा बांबू हा गैरहजर मालकाला सर्वांत सोयीचा; खाजगी जमिनीवरील बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने वनकायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे तोडीची व वाहतुकीची कटकटही कमी झाली आहे. यांतून शहाणपणाची निवड बहुधा मिश्र निघते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी झोपवल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आले. ज्यांचे सारे एकाच पिकावर होते ते उठायला दहा वर्षे घेतील. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणासाठी किमान मर्यादा दहा गुंठे एवढी खाली ठेवलेली आहे आणि अनुदान तीन वर्षांत मिळते, तेही झाडे जगली तर. शासनाने येथे मालकापेक्षा अधिक व्यवहार दाखवला आहे असे म्हणावे लागेल.

खाचराविषयी मुंबईत फारसे बोलले जात नाही, कारण भात परवडत नाही हे सर्वांनी मान्य करून टाकले आहे. रोखीच्या हिशेबात ते खरेही आहे. परंतु खाचर तीन पावसाळे पडीक राहिले की बांध फुटतो आणि खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात दगडगोटे वाहून जातात. एकाच्या उदासीनतेचा दंड दुसरा भरतो. स्वतः कसायचे नसेल तर ते कसणाऱ्याला देणे हे शेजारधर्माचेही काम आहे.

देण्याची गोष्ट निघाली की दुसरा प्रश्न, म्हणजे तेथे कोण राहणार हा, पुढे येतो, आणि त्याबरोबर एक जुनी धास्तीही. जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर तो कूळ म्हणून लागेल, या भीतीने हजारो एकर जमीन पडीक ठेवली गेली आहे. भीती सर्वस्वी काल्पनिक नाही. कूळकायद्याच्या चौथ्या कलमानुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो कुटुंबातील किंवा मजुरीवरचा नसेल तर, कूळ मानला जातो, आणि कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही एका वर्षाच्या आत जमीन खरेदी करण्याचा हक्क कायद्यात आहे. हा कायदा ज्या अन्यायातून जन्मला तो अन्याय खरा होता, म्हणून त्याला शिव्या देणे मुंबईकर मालकाला शोभणारे नाही. त्याच्याच आजोबाला कदाचित याच कायद्याने जमीन दिली असेल. परंतु १९५७ साली मालक बलाढ्य होता आणि कसणारा अगतिक. आज वीस गुंठ्यांचा गैरहजर मालक आणि गावात राहून पाच जणांची शेते कसू पाहणारा तरुण यांच्यात तसे नाते उरलेले नाही. कायद्याच्या धास्तीमुळे दोघेही तोंडी बोलीवर चालतात: अर्धेली ठरते, कागद होत नाही, कसणाऱ्याला कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, आणि एखाद्या वर्षी मालकाचा मेहुणा काही तरी बोलतो आणि सगळे मोडते. नीती आयोगाने २०१६ साली यासाठी एक नमुना कायदा मांडला: मुदतीचा लेखी करार, मालकी अबाधित, कसणाऱ्याला कर्जाची व विम्याची सोय. कोकणासारख्या भागात त्याची गरज सर्वांत अधिक आहे, आणि कसणाऱ्याला केव्हाही हुसकता येणार नाही अशी किमान मुदतीची हमी त्यात असल्याखेरीज तो न्याय्यही होणार नाही.

इतरांनी या पेचातून वाट कशी काढली ते पाहण्यासारखे आहे. केरळात जमीन खंडाने देण्यास बंदी आहे, तरी 'कुटुंबश्री' चळवळीतील स्त्रियांच्या गटांनी पंचायतींच्या मध्यस्थीने पडीक जमिनी घेऊन भात, केळी, भाजीपाला पिकवला. जपानात तर प्रश्न कोकणाच्या कितीतरी पुढे गेला आहे. ज्यांचा मालक नोंदीवरून सापडत नाही अशा जमिनींचे क्षेत्र तेथे ४१ लाख हेक्टर, म्हणजे क्यूशू बेटाहून मोठे, असल्याचा अंदाज २०१७ साली एका अभ्यासगटाने दिला. टोकियोत नोकरी करणाऱ्या मुलांनी गावाकडची वारसनोंद केलीच नाही, म्हणून ही वेळ आली. १ एप्रिल २०२४ पासून जपानने वारसनोंद तीन वर्षांच्या आत करणे सक्तीचे केले असून न करणाऱ्यास एक लाख येनपर्यंत दंड ठेवला आहे. त्याआधी २०१४ पासून प्रत्येक प्रांतात एक सार्वजनिक संस्था मालकांकडून शेतजमिनी मुदतीने घेऊन कसणाऱ्यांना एकत्रित देते. मालकाला कुळाची धास्ती नाही, कसणाऱ्याला पंधरा मालकांच्या दारी जाणे नाही. अशी संस्था रत्नागिरी-सिंधुदुर्गात तालुकावार निघण्यास अडचण कोणती? कायद्याची आहे, तर तो विधिमंडळाने बदलावा. तेथे कोकणचे प्रतिनिधी काही थोडे नाहीत.

तोवर गावातील भावाशी किंवा पुतण्याशी व्यवहार सरळ ठेवणे एवढे हातात आहे. मुंबईतील भाऊ कलमांचे पैसे देतो आणि गावातील भाऊ दहा वर्षे पाणी घालतो, राखण करतो, वानरांमागे धावतो. बाग धरू लागली की मात्र पेट्या समसमान वाटल्या जातात. त्या दहा वर्षांच्या श्रमाचे मोल कोठेच मांडलेले नसते. भाऊबंदकीचे निम्मे तंटे येथून उगवतात. श्रमाचा वाटा आधी काढून ठेवून उरलेल्याचे भाग करावेत आणि तो करार साध्या कागदावर का होईना लिहून काढावा. बाग हंगामापुरती मक्त्याने देण्याची चाल त्याहून सोपी वाटते. पण मक्तेदाराला झाडाच्या पुढच्या वर्षाशी कर्तव्य नसते. मोहर हमखास यावा म्हणून वाढरोधक औषधाची मात्रा वर्षामागून वर्षे वाढवली गेली की झाड थकते आणि मालकाला ते कळते तेव्हा मक्तेदार दुसऱ्या वाडीत गेलेला असतो.

उरतो विक्रीचा पर्याय. वडिलोपार्जित जमीन विकणे म्हणजे पाप, असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात गावी जाणारे कोणी उरले नाही, ज्याला मुलाच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी पैसा हवा आहे, त्याने विकणे हे पडीक ठेवण्यापेक्षा बरे. प्रश्न कोणाला विकावी हा आहे. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेण्यास मनाई आहे, तरी गावात मोटारीतून येणारा दलाल त्याला वाट काढून देतो. नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ साली निघाली आणि २०१९ मध्ये रद्द झाली; त्या दरम्यान परगावच्या मंडळींनी तेथे जमिनी घेतल्याच्या तक्रारी झाल्या, आणि मुंबईत बसून सही करणाऱ्या सहधारकाला आपण काय भावाने काय विकले हे बहुधा नंतर वर्तमानपत्रातून कळले. ज्याला ओसाड कातळ म्हणून मातीमोलाने देऊन टाकतात त्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, हेही येथे सांगण्यासारखे आहे. जमीन कूळकायद्याने मिळालेली असल्यास ४३ व्या कलमाची नोंद सातबारावर असते. खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती मोकळी करता येते. ही माहिती नसल्यामुळे अनेकांनी 'भानगडीची जमीन' म्हणून ती दलालाच्या भावाने दिली. विकायचीच तर आधी गावातील कसणाऱ्याला विचारावे, आणि त्याला हप्ते द्यावे लागले तरी द्यावेत.

उपनगरांतून प्रत्येक गावाचे एखादे मंडळ असते. रविवारी शाळेच्या वर्गात त्याची सभा भरते, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरते, गणपतीच्या गाडीची तिकिटे वाटली जातात, विद्यार्थ्यांचे गुणगौरव होतात. या मंडळांनी वर्षातून एक सभा गावातील पडीक जमिनींसाठी ठेवली तर पुष्कळ काम उरकेल. कोणाच्या वारसनोंदी राहिल्या आहेत, कोणाला मोजणी हवी आहे, वणव्याआधी जाळरेषा काढण्यासाठी कोणत्या वाडीत किती मजुरी लागेल, गावातील कोण कसायला तयार आहे, याची एक यादी एवढी पहिल्या वर्षाला पुरे. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून ती शेतात उभे राहून मोबाइलवर करावी लागते. मालक मुंबईत असल्यामुळे कित्येकांच्या बाराव्या नमुन्यात पीक असूनही रकाना कोरा राहतो, आणि वादळानंतरच्या भरपाईच्या वेळी त्याची आठवण होते. गावातील दोन कॉलेजविद्यार्थ्यांना मंडळाने थोडे मानधन दिले तर हे काम एका आठवड्याचे आहे. मोजणीचे अर्ज मात्र पावसाळा संपताच पडायला हवेत, कारण गवत वाळून बांध उघडे पडल्यावर, दिवाळी ते शिमगा एवढ्याच मुदतीत भूकरमापकाला डोंगरावर चढता येते.